चांगुणाकाकीची साक्ष

आमच्या संघावर दोन वर्षांची बंदी आली ती माझ्यामुळे. हातात माइक होता आणि मला गप्प बसता आलं नाही.

मी तेव्हा गावच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस होतो आणि सामन्यांचा निवेदकही. दोन्ही पदं एकाच कारणाने मिळाली होती : मला खेळता येत नव्हतं. नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीत, टाइमकीपरची. दिवसभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याची वेळ लिहिणाऱ्या माणसाच्या हातात संध्याकाळी माइक आला की तो काय करेल? निवेदकाने गुण सांगायचे, चढाईला कोण निघाला ते सांगायचं, हरवलेल्या चपलेचा मालक शोधायचा. मी मात्र प्रत्येक गड्याला पदवी द्यायचो. कोणी पोलादी भिंत, कोणी धसईची तोफ. त्या दिवशी साखळीचा अंतिम सामना होता, आमच्याच मैदानावर, समोर डोळखांबकडचा संघ. शेवटची दोन मिनिटं, गुण बरोबरीत, आणि आमचा एकनाथ चढाईला निघाला. माझ्या अंगात आलं. मी ओरडलो, "खास आजच्या सामन्यासाठी डोळखांबचा डोंगर उतरून आलेला वाघ... एकनाथ!"

एकनाथ डोंगरबिंगर उतरून आला नव्हता. अर्ध्या तासापूर्वी म्हशीला पाणी पाजून, पाय धुऊन तो मैदानावर आला होता. जन्म डोळखांबकडचा खरा, पण चार वर्षं आमच्याच गावात राहत होता, चांगुणाकाकीच्या घरी. तिचा जावई. हे मी माइकवर सांगितलं नाही. म्हशीत नाट्य नव्हतं.

एकनाथने एका चढाईत दोन गडी मारले आणि आम्ही जिंकलो. त्या वेळी मैदानाच्या कडेला लग्नांचं शूटिंग करणारा एक जण हौसेने सगळा सामना व्हिडिओवर घेत होता. आवाजासकट.

पण ही गोष्ट माझी नाही, वाघाचीही नाही. चांगुणाकाकीची आहे.

काकी उंचीने बेताची, अंगाने काटक, आणि आवाज मधली दोन शेतं ओलांडून पलीकडच्या गुराख्याला दचकवणारा. धसईच्या बाजाराला भाजी घेऊन जायची. सामना असला की बाजारातून परस्पर मैदानावर यायची, रिकामी पाटी उपडी टाकायची आणि त्यावर बसायची. जागा ठरलेली, मध्यरेषेच्या टोकाला, माझ्या टेबलाला लागून. पंच म्हणायचे, "आजी, मागं सरका." काकी उठायची, पाटी चार बोटं मागे ढकलायची, परत बसायची. पंचांनी शिट्टी वाजवायला तोंड फिरवलं की पाटी पुन्हा चार बोटं पुढे.

तिथून ती आमच्या सातही गड्यांना खेळवायची. "अरे टांग धर त्याची! नवरीचा पदर धरल्यासारखा काय धरतोस?" पंचांना : "डोळे धसईला इकून आलास काय रे?" समोरच्या संघातला एखादा पोरगा पडून लंगडायला लागला तर तिला त्याचाही कळवळा यायचा. "कोणाचा गो हा लेकरू? पाणी द्या त्याला." मग तो उठून चढाईला आला की, "आता मोडा त्याला!"

एकनाथ चढाईला निघाला की मात्र काकी एकदम गप्प. दोन्ही हातांनी पाटीचा काठ धरायची आणि डोळे घट्ट मिटायची. दोन तालुक्यांतली माणसं ज्याच्या चढाया बघायला टेम्पो करून यायची, त्याची एकही चढाई तिने कधी पाहिली नाही. गलका उठला की डोळे न उघडता मला विचारायची, "आला का?"

एवढेच दोन शब्द. किती गुण, कोणाला मारलं, काही नाही. मी "आला, काकी" म्हटलं की मगच डोळे उघडायचे. एकदा मी गंमत म्हणून उत्तर द्यायला वेळ लावला. त्यानंतर महिनाभर तिने मला भाजी विकली नाही. बायकोला विकली. वर तिला सांगितलं, "त्या भोंग्याला खायला घालू नको." तेव्हापासून गावात माझं नाव भोंग्या.

जावयाचं नाव तिच्या तोंडात कधी येत नसे. आमच्याकडे जुन्या बायका जावयाशी समोरासमोर बोलत नाहीत, पदर पुढे ओढून कोणाच्या तरी मार्फत बोलतात. घरात माणसं तीन, आणि मुलगी सुमन बहुतेक वेळ शेतात. म्हणून काकी म्हशीच्या मार्फत बोलायची. म्हशीचं नाव चिमणी. "चिमणे, पाणी तापलंय गो," असं गोठ्याकडे तोंड करून म्हणाली की एकनाथ आंघोळीला उठायचा. "चिमणे, भाकरी गार होतात." एकनाथ जेवायला बसायचा. तोही काही कमी नव्हता. "चिमणे, मीठ जरा कमी पडलं," म्हणायचा. चिमणी दोघांकडे आळीपाळीने बघायची.

ती म्हैस एकनाथशिवाय कोणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. तो बाहेरगावी सामन्याला गेला की काकी त्याचा खेळायचा बनियान, पाठीवर मोठा पाच आकडा असलेला, लुगड्यावर चढवून धारेला बसायची. वासाने म्हैस फसायची. हे दृश्य मी स्वतः कुडाच्या फटीतून पाहिलंय, आणि पाहिल्याबद्दल शेणाची पाटी अंगावर घेतलीय.

आता मूळ अडचणीकडे येतो. काकीचा नवरा लवकर गेला. मुलगा नाही, एकच मुलगी. शेत होतं, घर होतं, नांगर धरणारा हात नव्हता. म्हणून डोळखांबकडचा एकनाथ शोधला. त्याच्या बापाला तीन मुलगे आणि जमीन उतारावरची, जेमतेम. बाप तयार झाला, पण सुपारी फुटताना चारचौघांत उभा राहून म्हणाला, "पोरगा तुमच्याकडं ऱ्हाईल. पण त्याला घरजावई म्हणायचं नाय. ज्या दिवशी तो शब्द माझ्या कानावर येईल त्या दिवशी त्याला हाताला धरून घेऊन जाईन."

काकीने हळदीच्या ताटावर हात ठेवला. "माझ्या तोंडून तो शब्द जायचा नाय."

आमच्या भागात तो शब्द म्हणजे पुरी शिवीच. बायकोच्या भाकरीवर जगणारा, असा त्याचा अर्थ लावतात. एकदा बाळारामदादांच्या भातगिरणीवर कोणीतरी चेष्टेत तो बोलून गेला. काकीने अर्धवट कांडलेलं भात तसंच पाटीत भरलं आणि एक अक्षर न बोलता निघाली. बाळारामदादा म्हणजे काकीचे चुलत दीर, गिरणीचे मालक आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष. ते मागे धावले, "वहिनी, निदान कोंडा तरी काढू द्या!" काकी थांबली नाही. त्या आठवड्यात तिने उखळात भात कांडलं.

ही सगळी पार्श्वभूमी आमच्या साखळीच्या संघटनेला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या गावांची मिळून ती संघटना. नियम एकच कडक : गडी ज्या गावाकडून खेळतो त्या गावात तो राहणारा पाहिजे. हरलेल्या डोळखांबकरांनी तक्रार केली की एकनाथ त्यांच्या गावचा, आणि आम्ही त्याला दर वेळी सामन्यापुरता उसना आणतो. सुनावणी शहापूरला एका शाळेच्या वर्गात झाली. टेबलावर टीव्ही ठेवला. त्यांनी कॅसेट लावली. धूळ, गलका, आणि त्यावर कोणीतरी घसा फाडून ओरडतोय, "खास आजच्या सामन्यासाठी डोळखांबचा डोंगर उतरून आलेला..."

माझा आवाज मला ओळखता आला नाही. बाकी सगळ्यांना आला.

"हे तुमचेच चिटणीस ना?" संघटनेच्या माणसाने बाळारामदादांना विचारलं. दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुर्दैवाने."

चषक काढून घेतला. संघावर दोन वर्षं बंदी. आणि एकनाथवरही दोन वर्षं, कुठेच खेळायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात वाईट होतं. महिनाअखेरीला जिल्ह्याची निवड चाचणी होती. कल्याणकडच्या एका मोठ्या कंपनीचे लोक तिथे येणार होते. त्यांना आपल्या संघासाठी पोरं हवी होती, कायमच्या नोकरीवर. अट, वय पंचविशीच्या आत. एकनाथला चोविसावं संपत आलं होतं. दोन वर्षांनी त्याच्याकडे बघायलाही कोणी येणार नव्हतं.

त्या आठवड्यात गिरणीवर जे ऐकलं ते मी विसरणार नाही. भात कमी आणि भांडण जास्त कांडलं गेलं. गाव सरळ दोन भागांत फाटलं.

"खेळातलं भांडण खेळात मिटवायचं असतं. कोर्टात कशाला जायचं?"

"संघटनेच्या अंगावर गेलात तर उद्या आपला एक पोरगा जिल्ह्यात घेणार नायत. लिहून ठेवा."

"मग काय माफी मागायची? जिंकून माफी?"

"जाऊ दे तो चषक. पुढल्या वर्षी परत जिंकू."

"अरे येड्या, पुढल्या वर्षी खेळवायचे नायत, तीच तर बंदी!"

बाळारामदादा सगळ्यांत तापलेले. पट्टा बंद करून ओरडले, "वकील लावायचा! ह्या गावाला फसवे म्हणाले ते. मी अध्यक्ष असताना!"

तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, "पण दादा, कोणासाठी गावानं कोर्टात जायचं? एकनाथ आपला तरी हाय का? बोलून चालून बाहेरचा..."

बोलणारा अर्ध्यावर थांबला. दारात काकी उभी होती, डोक्यावर पाटी. गिरणीचा पट्टा बंद होता, त्यामुळे तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने पाटी उतरवली नाही.

"जिंकलात त्या दिवशी खांद्यावर घेऊन गावभर नाचवलात," ती म्हणाली. "तेवा कुठला होता?"

 कोपऱ्यातल्या एकाने बोट माझ्याकडे केलं. तेवढ्यावर कोर्टात जायचं ठरलं.

शहापूरच्या वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. एकनाथचं नाव अजून बापाच्या रेशनकार्डावर. आमच्याकडे कागद नाही, त्यांच्याकडे कॅसेट. "एकच मार्ग आहे," वकील म्हणाले. "घराच्या मालकिणीने शपथेवर सांगायचं की हे माझे घरजावई, कायम माझ्याकडे राहतात." त्यांनी तसं टाइप करून आणलं आणि वाचून दाखवलं.

काकीने अंगठ्याला शाई लावू दिली नाही. "ह्यात तो शब्द हाय?"

"आहे. तोच तर मुद्दा आहे."

"मग नाय."

"अहो आजी, त्या एका शब्दावर केस उभी आहे! तुमच्या जावयाची नोकरी आहे त्यात."

एकनाथ दाराशी उभा होता, मान खाली. दुसऱ्या कोणाला तो म्हणाला असता, जाऊ दे, नको मला चाचणी. सासूला कसं म्हणणार? तिथे म्हैस नव्हती. काकी टेबलावरच्या पंख्याकडे वळून म्हणाली, "त्यांना सांग, भायेर सावलीत बसा. उभं ऱ्हाऊन उद्या चढाईला पाय दुखतील." पंखा नकारार्थी मान हलवत राहिला. एकनाथ बाहेर गेला.

वकील मला म्हणाले, "तुम्ही समजावा." मी समजवायला तोंड उघडलं. काकी म्हणाली, "तू बोललास म्हणून तर आपण हितं आलोय."

सुनावणीच्या दिवशी टेम्पो भरून आम्ही सरळगाव, किन्हवली करत शहापूरला पोचलो. वाटेत एरवी घोषणा, गाणी, टोमणे असतात. त्या दिवशी टेम्पोत फक्त पत्रा वाजत होता. कोर्टाच्या आवारात एका झाडाखाली आम्ही, दुसऱ्या झाडाखाली डोळखांबकर. त्यांच्यातला एक जण मला बघून म्हणाला, "वाघवाले आले रे!" आमच्यातला एक जण उठला. बाळारामदादांनी त्याला मनगटाला धरून बसवला. पलीकडच्या झाडाखाली, सगळ्यांच्या मागे, डोक्याला टॉवेल गुंडाळून एकनाथचा बाप बसला होता. त्याच्या गावानेच त्याला आणलं होतं, मुलगा आपला आहे हे दाखवायला. बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते.

आत त्यांच्या वकिलाने माझं वाक्य वाचून दाखवलं. माइकशिवाय, सपाट आवाजात. कोर्टात वाघ फारच केविलवाणा वाटला. न्यायाधीशांनी विचारलं, "हे निवेदक हजर आहेत?"

मी उभा राहिलो.

"तुम्ही यांना डोंगर उतरताना पाहिलंत?"

"नाही, साहेब."

"मग तसं का म्हणालात?"

"साहेब... जोर यावा म्हणून."

मागे दोन्ही गावं हसली. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट दोन्ही गावांना एकत्र पटली. "बसा," साहेब म्हणाले. मग आमच्या वकिलांना, "मालकिणीचं प्रतिज्ञापत्र नाही?"

"नाही साहेब, पण त्या स्वतः आल्या आहेत."

काकी पुढे झाली. शपथ घेतली. पदर पुढे ओढला, कारण जावई समोर होता. पाटी बाहेर ठेवायला लावली होती, त्यामुळे हातांना धरायला काही नव्हतं. तिने कठड्याचा काठ धरला.

"हे एकनाथ तुमचे कोण?"

"माझ्या सुमनचे मालक."

"तुमच्या घरी घरजावई म्हणून राहतात का?"

 मागच्या बाकावर टॉवेलवाला बाप पुढे सरकून बसला. काकीने डोळे घट्ट मिटले. मला ते मिटणं माहीत होतं. मी कडेला होतो, आणि पहिल्यांदाच, चढाईला तीच गेली होती.

"नाय," ती म्हणाली.

आमच्या वकिलांनी वळून माझ्याकडे पाहिलं, जणू हेही मीच शिकवलं होतं. समोरचे वकील उभेच राहिले, "साहेब, नोंद व्हावी..."

"थांबा," साहेब म्हणाले. "आजी, मग ते राहतात कुठे?"

"त्यांच्या घरात."

"ते घर कुठे आहे?"

"आमच्या गावात, देवळाच्या मागं. ते त्यांच्या घरी ऱ्हातात. मी त्यांच्याकडं ऱ्हाते. मला पोरगा नाय. ते सांभाळतात मला."

समोरचे वकील म्हणाले, "अहो, पण घर तर तुमच्या यजमानांच्या नावावर आहे!"

"ते गेले. आता इचारायला यायचे नायत."

"म्हणजे घर तुमचं झालं."

"माझं होतं. सुमनच्या लग्नाच्या दिवशी ह्यांचं झालं. मनात देऊन टाकलं होतं, आज तोंडानं सांगते. घर ह्यांचं, शेत ह्यांचं. मग कोण कोणाकडं ऱ्हातं ते तुमीच ठरवा."

माझ्या शेजारी बाळारामदादा बसले होते.  काकीला मुलगा नाही, म्हणजे घर आणि शेत उद्या भावकीतच येणार, असा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा हिशोब होता. गावात तो सगळ्यांना माहीत होता, फक्त कोणी बोलत नव्हतं. आमची केस जिंकायची तर काकीचं म्हणणं खरं ठरायला हवं होतं, आणि खरं ठरलं तर दादांच्या हातून घर गेलं. वकील दादांनीच लावलेला होता.

साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला. "ते कायम तिथेच असतात, कामापुरते येऊन जात नाहीत, हे कशावरून?"

काकीने डोळे उघडले. "माझी म्हस दुसऱ्या कोणाच्या हाताला दूध देत नाय. ते एक दिवस नसले तर त्यांचा बनियान घालून धारेला बसावं लागतं. वरीसभर येऊन-जाऊन माणसाची ओळख म्हशीला होते काय? तुमच्याकडं म्हस हाय?"

"लहानपणी होती," साहेब म्हणाले, आणि खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिले.

दुपारनंतर हुकूम मिळाला. एकनाथवरच्या बंदीला तात्पुरती स्थगिती. चाचणीला बसता येईल. संघाच्या बंदीचं आणि चषकाचं पुढच्या तारखेला बघू. आम्ही अर्धे जिंकलो होतो. बाहेर कोणी गुलाल आणला होता, पण उधळावा की नाही ते ठरेना. एक जण म्हणाला, "जिंकलो रे!" दुसरा म्हणाला, "आपण कुठं? जावई जिंकला." ते भांडण गावात अजून चालू आहे.

झाडाखाली एकनाथचा बाप काकीपाशी आला. मला वाटलं, हात जोडेल. तो म्हणाला, "विहीणबाई, घर त्याचं म्हणालात. ते लिहून द्याल का?"

"दिलं की," काकी म्हणाली. "साहेबानं लिवलं ना मगाशी."

परतीच्या टेम्पोत दादा तिच्यासमोरच बसले होते. किन्हवली गेल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "वहिनी, ते घराचं... कोर्टापुरतं बोललात ना?"

"भाऊजी, शपथ घेतली होती. खोटं बोलू काय?"

त्यानंतर दादा तिच्याशी बोलले नाहीत. काकी भात धसईच्या गिरणीवर नेऊ लागली, डोक्यावरून, जाऊन-येऊन. मंडळाच्या बैठकीत दादा अध्यक्ष म्हणून बसायचे आणि केसचा विषय निघाला की चहा सांगायचे.

चाचणीला काकी आली. तालुक्याबाहेर सामन्याला जायची ही तिची पहिलीच वेळ. पाटी सोबत. तिथे माइक दुसऱ्या कोणाकडे होता, देवाची कृपा. एकनाथला वारंवार चढाईला पाठवत होते, त्यामुळे काकीला डोळे उघडायला सवडच मिळेना. नुसतं "आला का? आला का?" माझा घसा "आला, आला" करून बसला. एकदा तो तिघांच्या मिठीत सापडला आणि मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पडला. मला बोलताच येईना. काकीने डोळे मिटलेलेच ठेवून माझं मनगट धरलं. नखं रुतली. एकनाथने हात लांबवला, बोटांची टोकं रेषेपलीकडे पडली, पंचांचा हात वर गेला.

"आला," मी म्हणालो. मनगटावरच्या खुणा दोन दिवस राहिल्या.

कंपनीने त्याला घेतलं. आणि नोकरी म्हणजे कल्याणकडे क्वार्टर, म्हणजे सुमनही गेली. तो आमच्याच गावचा आहे हे कोर्टात सिद्ध केलं, आणि त्याच जोरावर तो गाव सोडून गेला. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. काकीच्या आलं असावं. बरोबर येण्यासाठी त्यांनी तिची खूप मनधरणी केली. ती म्हणाली, "त्यांचं घर कोण राखील?" बाजारात कोणी विचारलं तर सांगायची, "मी राखणीला हाय." सहा महिने तिने बनियान घालून धारा काढल्या. मग त्याचा वास गेला, म्हैस शहाणी झाली, आणि काकीने चिमणीला विकून टाकलं. त्यानंतर घरात तिला बोलायला मार्फतही कोणी उरलं नाही.

संघाची केस तारखांवर तारखा घेत राहिली. बंदीची दोन वर्षं आपोआप संपली, संघटनेत नवी माणसं आली, तडजोड झाली. चषक त्यांच्या कपाटातच राहिला.

काकीला मी शेवटचं पाहिलं ते चारपाच वर्षांनंतर, आमच्या मंडळाच्या सामन्यांत. कंपनीचा संघ खास सामन्यासाठी बोलावला होता. एकनाथ त्यांच्याकडून खेळणार, आमच्याविरुद्ध. आता त्याचे केस विरळ झाले होते, गुडघ्याला पट्टी होती. काकी काठी टेकत आली. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी पाटी डोक्यावर. मैदान आखताना दादा स्वतः उभे होते. दोघांचं बोलणं अजून बंदच, पण चुन्याची हद्दीची रेघ मध्यरेषेच्या टोकाला येऊन थोडी आत वळली होती, पाटीपुरती. पंचांनी हरकत घेतली तेव्हा दादा म्हणाले, "तिथं जमीन खराब हाय." काकी बसली. पाटी चार बोटं मागे घ्यायची गरजच नव्हती.

माझ्या हातात या वेळी बिनवायरचा माइक होता. एकनाथ चढाईला निघाला. मी एवढ्या वर्षांपूर्वीची चूक भरून काढायचं ठरवलं होतं. "आणि आता येतोय आपल्याच मातीतला वाघ, आपल्या गावचा सुपुत्र... एकनाथ!" मैदानाने टाळ्या दिल्या. काकीने डोळे मिटले, पाटीचा काठ धरला. आता उघडे ठेवले असते तरी तिला फारसं दिसणार नव्हतं.

गलका उठला.

"आला का?"

"आला, काकी."

"गडी मारला?"

"मारला."

"कोणाचा?"

"आपला."

काकीने डोळे उघडले आणि आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे बघितलं. माइक चालू होता, हे माझ्या लक्षात नव्हतं. पुढचं सगळ्या मैदानाने ऐकलं.

"हितं ऱ्हात होते तेवा डोंगरातला वाघ केलास. आता कंपनीत ऱ्हातात तर गावचा सुपुत्र करतोस. भोंग्या, माणूस कधी आला, कधी गेला ते लिवायला कारखान्यानं तुलाच ठेवलाय ना रे? चालतो कसा तो कारखाना?"